व्याह्याचा माल

आटगाव स्टेशनाला लागून मावजीशेठची गवताची वखार होती आणि तिच्या फाटकात लडकू उभा असायचा. लडकू उभा असला की गाड्यांची रांग लागायची, आणि तो जेवायला गेला की गाडीवाले बैल सोडून झाडाखाली आडवे व्हायचे. त्याच्याशिवाय गवताची काडी आत जात नसे. हा काही उगाच मिरवायचा मोठेपणा नव्हता. शेठ आत गादीवर बसायचा. गवतातलं त्याला एवढंच कळायचं की ओलं असलं की ते जड लागतं. खरी खरेदी व्हायची ती लडकूच्या उजव्या हाताने.

गाडी फाटकाशी आली की तो बाही वर सारायचा आणि भाऱ्याच्या पोटात थेट खांद्यापर्यंत हात घालायचा. आतलं मूठभर गवत उपसून काढायचं, काडी मोडून बघायची, नाकाला लावायची. सुकी काडी कट्‌कन मोडते, ओली वाकते. आणि ओलं गवत आत कोंडलेलं असलं की हाताला ऊब लागते. वरून भारा पिवळाधमक दिसो, ती ऊब काही लपत नाही. "लडकूने हात घातला काय?" असं लोक विचारायचे, आणि घातला असला की पुढे कोणी ब्र काढायचं नाही. मुरबाडच्या बाजारात कुणाचं मालावरून वाजलं तरी कोणीतरी म्हणायचंच, "जा रे, लडकूला बोलवा." हे कानावर आलं की लडकू वरवर "काय तरीच तुमचं" म्हणायचा, पण आतून असा फुगायचा की विचारू नका!

खरेदीचं सगळं शास्त्र त्याला शेठने शिकवलं होतं. गवत काही वखारीत उगवत नाही. भाद्रपदात माळ हिरवेगार असतानाच लडकू गावोगाव फिरायचा, उभं गवत बघायचा आणि पसंत पडलेल्या माळाच्या मालकाच्या हातावर विडा ठेवायचा. विडा घेतला की माळ ठरला, मग ते गवत दुसऱ्या वखारीला जायचं नाही. शेठ बजावायचा, "लडकू, एका गावावर भिस्त ठेवू नको. खालच्या माळाचं लवकर सुकतं, डोंगरावरचं उशिरा. दोन्हीकडून घे, म्हणजे एकीकडे पाऊस पडला तर दुसरीकडचं येईल. मुंबईच्या तबेल्यातला घोडा थांबत नाही हो, अजून गवत सुकतंय म्हणून!" आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "काय बघायचं ते फाटकात बघ. एकदा माल गंजीवर चढला की मग तो कोणाचा ते विचारून काय करायचं? तो आपलाच झाला."

लडकूने हे सगळं पाळलं. फक्त एकदा पाळलं नाही.

लढाईचं दुसरं की तिसरं वर्ष असेल. तबेल्यांच्या जोडीला लष्कराच्या खेचरांनाही गवत लागायला लागलं होतं आणि शेठ नुसता घायकुतीला आलेला. लडकूने त्या वैशाखात आपली एकुलती एक लेक, राही, मुरबाडच्या वाटेवरच्या कोंडूच्या घरात दिली होती. कोंडू म्हणजे जुनं, बऱ्यापैकी भाताचं घर. माणूस गप्पिष्ट, मिशीला पीळ देऊन बोलणारा, मानापानाला भारी जपणारा. लग्नातच त्याने टोचलं होतं, "व्याही, सगळ्या मुलखाचं गवत घेता, आमच्या माळावर काय काटे उगवतात काय?" मग काय, भाद्रपदात लडकूने पहिला विडा ठेवला तो व्याह्याच्या हातावर.

पुढे दिवाळी झाली, गवत कापून माळावर सुकत पडलं आणि अवकाळी सर येऊन गेली. मुरबाडच्या अंगाला जास्त, डोळखांबच्या डोंगरात जवळजवळ नाहीच. लडकूला हे ठाऊक होतं. त्या बाजूची गाडी आली की हात दोनदा घालायचा, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

आणि कोंडूच्या गाड्या आल्या. कोंडू स्वतः पहिल्या गाडीवर, नवा पटका बांधून. मागे रांगेत डोळखांबकडच्या पाड्यावरचा बुधू उभा होता, आपल्या माणसांच्या डोक्यांवर भारे देऊन. बुधूकडे गाडी नव्हती. त्याचा सगळा पाडा डोंगर उतरून भारे घेऊन यायचा, आणि त्या गवताच्या जोरावर त्यांचा उन्हाळा घरच्या घरी निघायचा.

लडकू सवयीने बाही सारत गाडीपाशी गेला. कोंडू वरून मोठ्याने हसला. "काय व्याही, आता आमचीबी नाडी बघता की काय? पोर आमच्या घरात दिलीत तवा नाय बघितलीत ती!"

रांगेतले सगळे हसले. लडकूचा वर गेलेला हात तिथेच राहिला. लेक ज्या घरात दिली, त्या घरच्या मालात चारचौघांत हात घालायचा म्हणजे तिथे जेवायला बसून भातात खडा शोधण्यासारखं. कोण करील? उद्या राहीला सासूने ऐकवलं असतं, तुझ्या बापाचा आमच्यावर इतकासुदीक भरवसा नाय.

तेवढ्यात त्याची नजर एका भाऱ्याच्या बंधाकडे गेली. दुहेरी पीळ आणि शेंडा डावीकडून आत खोचलेला. ही गाठ त्याच्या घरची. त्याच्या बापाने त्याला शिकवलेली, त्याने राहीला शिकवलेली. कोंडूच्या गावात अशी गाठ कोणी मारत नव्हतं. बघतो तर काही भाऱ्यांना तशीच गाठ होती, बाकीच्यांना गावची साधी. अगो माझी बाय! त्याला वाटलं, पोरीने बापाला रामराम धाडलाय. त्याचा ऊर भरून आला. हाताची बाही खाली करत तो म्हणाला, "तुमच्या मालात काय बघायचं व्याही? न्या गाड्या आत."

आणि पाठोपाठ बुधूचे भारे आले, तेव्हा त्याने भाऱ्या-भाऱ्यात हात घातला. एकीकडे सोडलेली कसर दुसरीकडे भरून काढल्यासारखा घातला. बुधू नुसता बघत राहिला. गवत खडखडीत सुकं होतं.

दोन्हीकडचा माल एकाच गंजीवर चढला.

मालगाडीचा डबा लागायच्या आधी गंजी खोलून गासड्या दाबायच्या, असा वखारीचा रिवाज होता. पण डबा लागायच्या आधीच गंजीतून वाफ निघायला लागली. सकाळच्या थंडीत गंजीच्या टाळूवरून वाफ चढताना लडकूने पाहिली आणि गड्यांना हाक मारली. गडी वर चढले, वरचे थर फेकले. आत गवत काळं पडलेलं, बुरशी धरलेलं, आणि मधोमध इतकं तापलेलं की एक गडी हात भाजला म्हणून ओरडला. आंबूस, जळकट वास स्टेशनापर्यंत गेला. आग लागली नाही हेच नशीब. पण ओल्या भाऱ्यांनी शेजारचं सुकंही नासवलं होतं, आणि मुंबईला जाणारा डबा तसाच रिकामा परत गेला.

लडकू गंजीवर चढला आणि मधला काळा थर उकरायला लागला. पहिला नासका भारा हातात आला. दुहेरी पीळ, शेंडा डावीकडून आत. दुसराही तसाच. तिसराही.

खाली शेठ डोक्यावरची टोपी हातात घेऊन येरझाऱ्या घालत होता. "कोणाचं आहे हे? लडकू! अरे, कोणाचं?"

लडकूने कमरेचा विळा काढला. "बघतो शेठ," म्हणाला आणि सटासट बंध कापत सुटला. गाठी तोडून, कुस्करून त्याने चारी दिशांना भिरकावल्या. गड्यांना वाटलं, हवा लागायला भारे मोकळे करतोय. सगळ्या गाठी गेल्यावर तो खाली उतरला. शेठच्या तोंडाकडे त्याला बघवेना.

"सांग ना!"

"डोळखांबकडचा असावा," लडकू म्हणाला.

नुसतं "असावा". "आहे" असं काही तो म्हणाला नव्हता, असं त्याने नंतर स्वतःला कितीदा बजावलं! पण त्या एका शब्दावर शेठने हुकूम सोडला, की त्या पाड्याचं गवत बंद. उरलेलंही नको आणि पुढच्या सालचा विडाही नको.

बुधू पुढची खेप घेऊन आला तो फाटक बंद. त्याच्यामागे त्याच्या पाड्याची माणसं, डोक्यावर भारे, डोंगरातून चालत आलेली. बुधूने भारा खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "लडकू, माझ्या भाऱ्यात तू हात घातला होतास ना रे?"

"घातला होता."

"मग?"

सगळी वखार ऐकत होती. शेठही गादीवरून ऐकत होता. लडकू पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला, "हाताला दर खेपेला कळतंच असं नाय, बुधू."

ज्या हातावर त्याचं नाव उभं होतं, त्या हातालाच त्याने खोटं पाडलं. बुधू त्याच्याकडे बघत राहिला. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिथे नुसतं नवल होतं. मग त्याने भारा उचलला आणि सगळी माणसं आल्या वाटेने माघारी फिरली. सुकं, चांगलं गवत घेऊन. त्या दिवसापासून लडकूला फाटकात उभं राहण्याची लाज वाटायला लागली. कोणी "लडकूने हात घातला काय?" म्हटलं की त्याच्या कानाच्या पाळ्या तापायच्या. घरी जेवताना तो डाव्या हाताने भाकर मोडायचा. त्याची बायको जनाबाई म्हणाली, "उजव्याला काय झालं?" तर तिच्यावरच खेकसला.

संक्रांतीला राही माहेरी आली. लग्नानंतरची पहिली संक्रांत, अंगावर काळं लुगडं, हातात हलव्याचे दागिने. आल्या आल्या आईच्या गळ्यात पडली, बापाच्या पाया पडली आणि हात-पाय धुवायच्या आधी तिने बापाला अंगणात गाठलं.

"बा, ते भारे तू बाजूला काढलेस ना?"

"कुठचे गो?"

"आपल्या गाठीचे! सरीत भिजलेले होते ते. मामंजी म्हणाले, वर सुकं गुंडाळा, पोटात ओलं घाला, व्याही काय बघणार हायत. मी नवी सून, मी काय बोलू? पण भारे बांधायला मलाच बसवलं. मंग मी काय केलं, ओल्या भाऱ्यांना तेवढी आपली गाठ मारली. म्हटलं, बा गाठ बघंल, त्याला कळंल की राही कायतरी सांगते. हात घालंलच." ती हसली. "मी रोज घाबरत होते, तू गाड्या परत धाडशील आन घरात भांडण होईल. पण कायच झालं नाय. म्हटलं, बाने गुपचूप निस्तरलं. हुशार हाय माझा बा!"

लडकू ओट्यावर बसला. त्याने गाठ बघितली होती. बघून तो हरखला होता. पोर बोट दाखवून सांगत होती, इथे हात घाल, आणि हा बाप ऊर भरून घेत उभा राहिला! आणि मग तीच गाठ, पोरीची ती सगळी अक्कल, त्याने विळ्याने कापून वाऱ्यावर उडवली होती. लाज म्हणजे काय हे त्याला त्या क्षणी पुरतं कळलं. आपण लेकीपुढे बसलोय आणि तिच्याकडे वर मान करून बघता येत नाही, हे ते.

"काय झालं बा?" राहीचं हसू मावळलं. "घातलास ना हात?"

त्याने मान हलवली. नाही म्हणून. मग सगळं सांगितलं, गंजीचं, गाठींचं, बुधूचं. राहीने तोंडावर पदर धरला. मग म्हणाली, "त्या माणसाचं नाव धुऊन काढ, बा."

"आन तुझं घर?"

"माझं मी बघीन. पण ती गाठ मी मारलीय, बा. तिच्यापायी दुसऱ्याचं वाटोळं झालेलं मला नाय चालायचं."

दुसऱ्या दिवशी लडकू वखारीत गेला. गासड्या दाबायच्या प्रेसवर गडी होते, फाटकात गाड्या होत्या, शेठ गादीवर होता. आत जाऊन कानात सांगता आलं असतं. पण खोटं चारचौघांत बोलला होता. तो अंगणाच्या मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "शेठ, नासका माल माझ्या व्याह्याचा होता. मी त्यात हात घातला नाय. मला गाठी कळल्या, त्या मी कापल्या आन बुधूचं नाव घेतलं. बुधूचं गवत सुकं होतं."

प्रेस थांबला. शेठ गादीवरून उठून बाहेर आला. लडकूला वाटलं, आता हा शिव्या घालील, हाकलून देईल. त्यानेच बरं वाटलं असतं. शेठ हळूच म्हणाला, "गंजी नासली त्याचं मी विसरलो असतो रे. लढाई आहे, माल मिळेल, नाही मिळेल. पण माझ्याकडे डोळखांबचं एकच घर होतं ज्याने मला कधी फसवलं नाही. ते तू माझ्याच तोंडाने तोडायला लावलंस." मग म्हणाला, "तू तोडलंस, तूच जोडून आण."

लडकू डोळखांबकडे चालत गेला. वाटेत तो बुधूला काय काय सांगायचं ते घोकत होता. पण पाडा ओस. दारं काट्यांनी बंद केलेली, चुली थंड. एका घरापुढे बुधूची म्हातारी आई, सोमी, उन्हाला बसली होती. तिने सांगितलं, गवत गेलं नाही म्हणून सगळी पोरंबाळं घेऊन भट्टीवर गेली विटा पाडायला, खाडीच्या बाजूला. पाऊस लागला की येतील. मग तिने उठून मडक्यातलं पाणी आणून दिलं आणि त्याच्याकडे डोळे बारीक करून बघितलं.

"तू फाटकातला ना रं? हात घालून बघतो तो?"

"व्हय, आजी."

"बुधू लय सांगायचा तुझं. म्हणायचा, त्याने हात घातला म्हंजे कोण आपल्याला खोटं नाय पाडायचं."

लडकूने तांब्या ओठाला लावून रिकामा केला. त्याने म्हातारीला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मला सांगून काय? तो आला की त्याला सांग." आणि रिकामा तांब्या त्याच्या हातातून काढून घेतला.

कोंडूला वखारीतली गोष्ट पोचायची ती पोचलीच. त्याने निरोप धाडला, आमची चारचौघांत अब्रू काढलीत, आता पोरीला न्यायला येऊ नका. पुढच्या दिवाळीला राही माहेरी आली नाही. जनाबाईने फराळ केला आणि डब्यात तसाच ठेवून दिला. 

त्याआधी पावसाळ्यात बुधू परतल्याचं कळलं तसा लडकू विडा घेऊन त्याच्या दारात गेला. जे वखारीत सांगितलं तेच तिथे, त्याच्या सगळ्या पाड्यासमोर सांगितलं. बुधूने ऐकून घेतलं. माफ केलं म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. विडा तेवढा घेतला, आणि नांगराला लागला.

दिवाळीनंतर फाटकात रांग लागली. त्या रांगेत बुधू, मागे त्याची माणसं, डोक्यांवर भारे. लडकूने त्याला लांबून बघितलं आणि त्याची लाज पुन्हा वर आली. बुधू समोर येऊन भारा टेकवून उभा राहिला. लडकू घाईने बाजूला झाला, फाटक सताड उघडलं आणि म्हणाला, "ने, ने बुधू आत. तुझ्या मालात काय बघायचं?"

बुधू जागचा हलला नाही.

"व्याह्यालाबी असंच म्हणला होतास," तो म्हणाला.

रांगेत कोणी हसलं नाही. गडी हातातली कामं टाकून बघत राहिले. आत गादीवर शेठने मान वर केली.

"उद्या गंजी तापली," बुधू म्हणाला, "तर मी कोणाला काय दाखवू? तुझी लाज मला नको, लडकू. ती तू घरी ठेव. मला तुझा हात पायजे. घाल."

लडकूने बाही वर सारली. त्याने बुधूच्या भाऱ्यात खांद्यापर्यंत हात घातला, आतलं गवत उपसून काढलं, काडी मोडली. मोडल्याचा आवाज रांगेत सगळ्यांना ऐकू गेला.

"सुकं हाय," तो म्हणाला. तोंडातल्या तोंडात.

"मोठ्याने," बुधू म्हणाला. "आन बाकीचे भारे राहिलेत."